वाक्‌संवेदनाचे आंतरजालीय प्रयोग

बोललेले ध्वनी ऐकणारा माणूस ते कोणत्या वर्गात टाकतो, कोणत्या खुणांवरून दोन ध्वनी वेगळे मानतो आणि हा निर्णय घेण्यास त्याला किती वेळ लागतो, हे शोधण्यासाठी श्रोत्याला प्रयोगशाळेत न बोलावता आंतरजालाच्या द्वारे त्याच्याच संगणकावर वा भ्रमणध्वनीवर घेतले जाणारे प्रयोग. वाक्‌संवेदनाचा अभ्यास स्वनविज्ञान, मानसशास्त्र व श्रवणविज्ञान या तीन शास्त्रांच्या सीमेवर पडतो. असे प्रयोग रचण्याची, चालविण्याची व नोंदण्याची संगणकीय साधने २०१० नंतरच्या दशकात परिपक्व झाली. २०२० साली कोविडच्या साथीमुळे विद्यापीठांतील प्रयोगशाळा बंद पडल्या, तेव्हा आजवर या साधनांकडे संशयाने पाहणाऱ्या संशोधकांनाही त्यांचा आश्रय घ्यावा लागला. प्रस्तुत नोंदीत या साधनांचा, तसेच त्यांच्या आधारे काय निश्चितपणे सांगता येते व काय सांगता येत नाही याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : आधुनिक वाक्‌संवेदनशास्त्राचा पाया न्यूयॉर्क येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेत घातला गेला. तेथे फ्रँक्लिन कूपर यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॅटर्न प्लेबॅक नावाचे यंत्र तयार केले. रंगाने रेखाटलेल्या ध्वनिचित्राचे या यंत्राच्या साहाय्याने ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर होई. त्यामुळे ध्वनीतील एकच गुण थोडाथोडा बदलत नेऊन बाकीचे सारे तसेच ठेवणे प्रथमच शक्य झाले. १९५७ मध्ये ॲल्विन लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब’पासून ‘ड’मार्गे ‘ग’पर्यंत जाणारी १४ ध्वनींची श्रेणी अशा रीतीने घडवून श्रोत्यांना ऐकविली. ध्वनी पायरीपायरीने बदलत असूनही श्रोत्यांची उत्तरे मात्र पायरीपायरीने बदलली नाहीत. एका विशिष्ट जागी ती एकदम ‘ब’वरून ‘ड’वर उडी घेत. शिवाय त्या जागेच्या दोहो बाजूंच्या ध्वनींतील फरक श्रोत्यांना सहज कळे, पण एकाच बाजूच्या, तितकेच अंतर असलेल्या दोन ध्वनींतील फरक फारसा कळत नसे. यालाच वर्गीय संवेदन असे म्हणतात. ध्वनी ओळखणे व दोन ध्वनींत भेद करणे ही त्या वेळी वापरलेली प्रयोगाची दोन रूपे आजच्या आंतरजालीय साधनांतही जवळजवळ तशीच टिकून आहेत.

या इतिहासात मराठीलाही स्थान आहे. ली लिस्कर व आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्श व्यंजनांचे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यांत मराठी व हिंदी या दोन्ही भाषा होत्या. ओठ वा जीभ सुटल्यापासून स्वरतंतूंचे कंपन सुरू होईपर्यंतचा काळ—त्याला घोषारंभकाल म्हणता येईल—हे त्यांचे माप होते. इंग्रजीतील ‘ब’ व ‘प’ हे ध्वनी या एका मापाने वेगळे होतात. त्यांची सीमा सु. २५ मिलिसेकंदांच्या आसपास पडते. मराठीत मात्र क, ख, ग, घ अशी चौपदरी व्यवस्था असल्याने ‘क’ आणि ‘ख’ या मापाने वेगळे होतात, घोष व्यंजने अघोषांपासून वेगळी पडतात, पण ‘ग’ आणि ‘घ’ यांना अलग करण्यास ते अपुरे ठरते. एका भाषेच्या श्रोत्यांवर बेतलेले माप दुसऱ्या भाषेला पुरतेच असे नाही, हे यावरून दिसून आले. पुढे १९८४ मध्ये जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीस यांनी हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांचा भेद इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना कळतो, परंतु दहा ते बारा महिन्यांच्या वयापर्यंत ही क्षमता बहुतांशी मावळते, असे दाखविले.

या अभ्यासांसाठी श्रोत्याला ध्वनिरोधक खोलीत बसवीत, एकाच जातीचे हेडफोन देत आणि ध्वनीची पातळी उपकरणाने मोजून ठरवून देत. या शिस्तीची किंमतही मोठी होती. एका अभ्यासात दहा-वीस श्रोते मिळाले तरी पुष्कळ, आणि तेही बहुधा त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. ज्या भाषेच्या प्रदेशात अशी खोली नाही, त्या भाषेचे श्रोते परदेशात शिकण्यास गेलेल्या मोजक्या लोकांमधून निवडावे लागत, आणि परक्या भाषेच्या सतत सहवासात राहणाऱ्या माणसाचा कान घरी राहणाऱ्याच्या कानासारखा असतोच असे नाही. मानवी श्रवणाविषयीचे पुष्कळसे सिद्धांत अशा अरुंद पायावर उभे राहिले, हे विसरून चालणार नाही.

प्रयोगाची घडण : आंतरजालीय प्रयोगात श्रोत्याच्या यंत्रावर कोणताही खास कार्यक्रम बसवावा लागत नाही. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत लिहिलेल्या सूचना ब्राउझरमध्ये उतरतात आणि तेथेच चालतात. आरंभी संमतिपत्र व श्रोत्याची भाषिक माहिती घेतली जाते. त्यानंतर सर्व ध्वनिफायली आधीच उतरवून स्मृतीत ठेवल्या जातात, कारण ऐन प्रयोगात एखादी फाइल उशिरा आली तर त्या खेपेचा प्रतिक्रियाकाल निरुपयोगी होतो. मग ध्वनी यादृच्छिक क्रमाने एकेक करून वाजविले जातात. श्रोता कळ दाबतो किंवा पडद्यावरील चौकटीला स्पर्श करतो. कोणता ध्वनी, कितव्या खेपेस, कोणते उत्तर, किती मिलिसेकंदांनी, ही नोंद एका ओळीत साठते व अखेरीस सेवासंगणकाकडे पाठविली जाते. येथे एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. न मागता वाजणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी २०१८ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी असा नियम केला, की वापरणाऱ्याने निदान एकदा तरी पानावर काही दाबल्याखेरीज आवाज वाजू नये. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीस ‘सुरू करा’ अशी एक चौकट ठेवणे अपरिहार्य झाले आहे.

ध्वनी तयार करण्याचे काम बहुधा वेगळ्या साधनाने होते. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांचा प्रात हा कार्यक्रम त्यासाठी जगभर वापरला जातो. त्यात ध्वनींचे पृथक्करण, त्यांतील एखाद्या गुणात फेरफार आणि साधे श्रवणप्रयोग या तिन्हींची सोय आहे. मात्र हे प्रयोग ज्या संगणकावर प्रात बसविलेले आहे तेथेच चालतात.

प्रमुख साधने : जोशुआ डी लीऊ यांनी विकसित केलेले व २०१५ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडलेले जेएससायक हे साधन मुक्त व विनामूल्य आहे. त्यात ध्वनी वाजविणे, बटण दाखविणे, प्रश्नावली देणे यांसारख्या कामांचे तयार सुटे भाग असतात व संशोधक ते आपल्या गरजेप्रमाणे जोडतो. त्यासाठी थोडेसे प्रोग्रॅमिंग यावे लागते. पण कष्ट घेऊन लिहिलेली फाइल कोणाच्याही मालकीच्या व्यवस्थेवर अवलंबून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. जोनाथन पीअर्स यांनी मुळात प्रयोगशाळेतील संगणकांसाठी रचलेल्या सायकोपाय या साधनात चित्रमय रचनापटलावर प्रयोग मांडता येतो. पुढे त्याला आंतरजालावर चालणारे रूप देण्यात आले आणि असे प्रयोग पाव्लोविया या सशुल्क सेवेवर ठेवता येऊ लागले. गोरिला ही ब्रिटनमधील व्यापारी सेवा असून २०२० मध्ये तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. एकही ओळ न लिहिता प्रयोग उभारता येतो हे तिचे आकर्षण आहे. श्रोत्यांच्या संख्येनुसार शुल्क पडते ही तिची मर्यादा. लॅब.जेएस या विनामूल्य साधनात रचनापटल व लेखन या दोन्ही मार्गांचा मेळ घातला आहे.

आयबेक्स हे साधन मूलतः वाक्यवाचनाच्या प्रयोगांसाठी होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेरेमी झेअर व फ्लोरियन श्वार्ट्‌झ यांनी २०१८ मध्ये त्याला जोड देऊन पीसीआयबेक्स तयार केले व त्यात ध्वनीचीही चांगली सोय केली. मूळ आयबेक्सचे प्रयोग ठेवण्याची जी विनामूल्य सेवा होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. ज्यांनी आपल्या प्रयोगाची प्रत स्वतःजवळ ठेवली नव्हती त्यांचे श्रम वाया जाण्याची वेळ आली. साधन निवडताना सोयीपेक्षा ही गोष्ट अधिक ध्यानात घ्यावी लागते.

श्रोत्यांची उपलब्धता : श्रोते मिळविण्यासाठी बहुधा वेगळी सेवा वापरली जाते. ॲमेझॉन या कंपनीने २००५ मध्ये मेकॅनिकल टर्क ही सेवा सुरू केली. हे नाव वोल्फगांग फोन केम्पेलेन याने १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात दाखविलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘तुर्क’ यंत्रावरून घेतले आहे. त्या यंत्राच्या पोटात खरोखरीचा माणूस दडलेला असे. योगायोग असा, की याच केम्पेलेनने प्रामाणिकपणे चालणारे एक बोलते यंत्रही बनविले होते व १७९१ मध्ये मानवी वाणीच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला होता. त्यामुळे वाक्‌संवेदनाच्या अभ्यासकांनी त्याच्या लबाडीच्या यंत्राचे नाव रोज घ्यावे आणि खऱ्या यंत्राचे क्वचितच, हे थोडे विपरीतच म्हटले पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेली प्रॉलिफिक ही सेवा विशेषतः संशोधनासाठी आहे.

पैशासाठी काम करणारा श्रोता आपली मातृभाषा खरी सांगेलच याची हमी नसते. २०१८ मध्ये मेकॅनिकल टर्कवर निकृष्ट व बनावट उत्तरांचे प्रमाण वाढल्याच्या तक्रारी अनेक संशोधकांनी केल्या. यावर उपाय म्हणून प्रयोगात मधूनमधून ज्यांचे उत्तर निःसंशय एकच आहे असे ध्वनी पेरतात. ‘ब’ आणि ‘प’ यांच्या श्रेणीची दोन्ही टोके ज्याला ओळखता येत नाहीत, तो एकतर ऐकत नाही किंवा त्याचा आवाज बंद आहे. कोणाला वगळायचे याचा नियम मात्र उत्तरे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावा लागतो. एरवी गैरसोयीचा श्रोता हा निष्काळजी श्रोता ठरविण्याचा मोह आवरत नाही.

श्रवणसाधनांची पारख : प्रयोगकर्त्याला श्रोता दिसत नाही, त्याची खोलीही दिसत नाही. ‘कृपया हेडफोन लावा’ ही सूचना सगळेच पाळतात असे नाही. केविन वुड्‌स, मॅक्स सीगल, जेम्स ट्रेअर व जॉश मॅकडरमट यांनी २०१७ मध्ये यावर एक साधी पण कल्पक चाचणी सुचविली. प्रत्येक खेपेस २०० हर्ट्‌झ कंप्रतेचे तीन सूर ऐकवितात व त्यांतील सर्वांत मंद कोणता ते विचारतात. एक सूर खरोखरच ६ डेसिबलने मंद असतो. दुसऱ्या एका सुरात डाव्या व उजव्या बाजूच्या तरंगांची प्रावस्था परस्परविरुद्ध केलेली असते. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला आपापला तरंग स्वतंत्रपणे मिळतो, म्हणून हा विरुद्ध प्रावस्थेचा सूर मंद वाटत नाही व श्रोता बरोबर उत्तर देतो. स्पीकरमधून मात्र दोन तरंग हवेत एकत्र येऊन परस्परांना पुष्कळसे मारतात. तोच सूर अधिक मंद भासतो आणि श्रोता फसतो. सहांपैकी निदान पाच खेपा बरोबर आल्या तर हेडफोन लावलेला आहे असे मानतात.

या चाचणीतही पळवाट आहे. एकाच कानात इअरफोन घातलेल्या श्रोत्याला एकच तरंग मिळतो, तेव्हा तरंग परस्परांना मारण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही आणि तोही उत्तीर्ण होऊ शकतो. ॲलिस मिल्न व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ही उणीव दूर केली आहे. तीत दोन्ही कानांत सारखाच खरखराट सोडतात व एका अरुंद कंप्रतापट्ट्यात तेवढा दोन कानांतील प्रावस्थेचा फरक ठेवतात. दोन्ही कानांना वेगवेगळे ऐकू येत असेल तरच मेंदू या फरकापासून एक क्षीण सूर निर्माण करतो. तो सूर कोणत्याही एका तरंगात अस्तित्वातच नसतो. दोन्ही चाचण्या एकापाठोपाठ घेतल्यास खोटी उत्तीर्णता बरीच कमी होते. परंतु कस जितका कडक तितके स्वस्त यंत्र वापरणारे श्रोते अधिक संख्येने गळतात, आणि दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा मूळ हेतूच थोडा मागे पडतो. म्हणून ज्या प्रयोगात दोन कानांना भिन्न ध्वनी देणे आवश्यक नाही, तेथे केवळ रूढी म्हणून ही चाचणी लावू नये, हे बरे.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. श्रोता स्वतःच आवाज कमीजास्त करतो. सुरुवातीला एक नमुना वाजवून ‘सुखकर वाटेल असा आवाज ठेवा व नंतर बदलू नका’ असे सांगण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. कानाशी प्रत्यक्ष किती डेसिबल पोहोचले ते कोणत्याही आज्ञावलीला कळत नाही.

काळाचे मोजमाप : ध्वनी वाजविण्याची आज्ञा देणे आणि तो कानी पडणे यांत अंतर असते. ते यंत्र, ब्राउझर व हेडफोन यांप्रमाणे बदलते. बिनतारी हेडफोनमध्ये हे अंतर शंभर ते दोनशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जाते. एमपी३ पद्धतीने ध्वनी संकुचित करताना त्याच्या आरंभी थोडी शांतता जोडली जाते. प्रचलित संकोचक वापरल्यास व ती पुढे कापली न गेल्यास ती ११०५ नमुन्यांची, म्हणजे सेकंदास ४४,१०० नमुने घेतले असता सु. २५ मिलिसेकंदांची भरते. घोषारंभकालाची सीमाही जवळजवळ एवढीच आहे हे लक्षात घेतले, म्हणजे ही चूक किती मोठी ते कळेल. ध्वनीच्या आतील अंतरे तिने बदलत नाहीत, पण प्रतिक्रियाकाल तेवढ्याने वाढतो. म्हणून शक्य तेथे असंकुचित डब्ल्यूएव्ही फायली वापरणे इष्ट असते. ध्वनिसंचाच्या घड्याळाशी जोडलेली वेब ऑडिओ ही प्रणाली २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने प्रमाण म्हणून मान्य केली. ध्वनी नेमक्या क्षणी वाजविण्यासाठी तिचा उपयोग होतो. याउलट, संगणकांच्या सुरक्षिततेतील काही दोष २०१८ च्या आरंभी उघड झाल्यानंतर ब्राउझरांनी आपली घड्याळे हेतुपूर्वक थोडी स्थूल केली.

डेव्हिड ब्रिजेस व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रयोगशाळेतील व आंतरजालीय साधनांची तुलना केली. प्रयोगशाळेतील उत्तम साधनांत एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंतचा चढउतार एका मिलिसेकंदाहूनही कमी भरला. आंतरजालीय साधनांत तो अधिक होता, व ध्वनीच्या बाबतीत साधन, ब्राउझर आणि संगणकप्रणाली यांनुसार बराच वेगवेगळा होता. येथे स्थिर विलंब व अस्थिर विलंब यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. एखाद्याच्या हेडफोनमुळे प्रत्येक उत्तराला १५० मिलिसेकंद उशीर होत असेल, तरी त्याच श्रोत्याच्या दोन प्रकारच्या शब्दांतील फरक वजाबाकीत शिल्लक राहतो. पण शहरातील तरुण व खेड्यातील वृद्ध यांच्या सरासरी काळांची तुलना केली, तर तो फरक माणसांचा की यंत्रांचा, ते सांगता येणार नाही. जोसेफ स्लोट व जूलिया स्ट्रँड यांनी २०१६ मध्ये बोललेले शब्द ओळखण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत व मेकॅनिकल टर्कवर दोन्हीकडे घेतले, तेव्हा दोन्हींचे निष्कर्ष परस्परांशी चांगले जुळले.

यावरून कोणता प्रश्न या मार्गाने विचारावा याचा अंदाज येतो. ध्वनींच्या श्रेणीतील सीमा, दोन ध्वनींतील भेद, अपरिचित धाटणीच्या उच्चारांशी कान कसा जुळवून घेतो, एकाच श्रोत्याच्या दोन परिस्थितींतील फरक, यांसाठी ही साधने विश्वसनीय आहेत. आवाजाची किमान श्रवणीय पातळी, श्रवणदोषाचे निदान किंवा काही थोड्या मिलिसेकंदांवर अवलंबून असलेले सिद्धांत यांसाठी ध्वनिरोधक खोलीला अद्याप पर्याय नाही.

मराठीसारख्या भाषांचे प्रश्न : उपलब्ध साधने व त्यांतील उदाहरणे मुख्यतः इंग्रजी श्रोत्यांसाठी रचलेली असल्याने भारतीय भाषांत ती जशीच्या तशी वापरता येत नाहीत. मराठीत ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांतील पहिला ‘ज’ तालव्य व दुसरा दंततालव्य आहे. उच्चार वेगळे, पण लेखन एकच. ‘तुम्ही कोणता शब्द ऐकला?’ असे विचारून पडद्यावर दोन्ही चौकटींत ‘जग’ लिहिणे हास्यास्पद होईल. अशा ठिकाणी चित्रे, अर्थसूचक वाक्ये किंवा ‘पहिल्यासारखा की दुसऱ्यासारखा’ असा ध्वनितुलनेचा प्रश्न ठेवावा लागतो. ज्यांना वाचनाचा सराव नाही अशा श्रोत्यांसाठी सूचनाही बोलून द्याव्या लागतात. शिवाय पुष्कळ श्रोत्यांजवळ संगणक नसून भ्रमणध्वनीच असतो. तेथे कळफलक नाही, पडदा लहान असतो आणि कधीकधी एकच यंत्र घरातील अनेकजण वापरतात, त्यामुळे एका यंत्रावरून आलेली उत्तरे एकाच श्रोत्याची आहेत असे गृहीत धरता येत नाही. या अडचणी दूर करता येण्यासारख्या आहेत, पण त्यासाठी प्रयोग मुळापासून त्या भाषेसाठी रचावा लागतो. इंग्रजी नमुन्याचे भाषांतर पुरत नाही.

नोंदींची जपणूक : प्रयोगाबरोबर श्रोत्याच्या यंत्राचा आंतरजालीय पत्ता, वय, गाव, कधी आवाजही साठविला जातो. हा मजकूर उत्तरांपासून अलग ठेवणे व संमतिपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करणे हे प्रयोगकर्त्याचे कर्तव्य आहे. ध्वनिफायली, प्रयोगाची आज्ञावली व मूळ नोंदी सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची प्रथा आता रूढ होत आहे. मात्र केवळ आज्ञावली ठेवून भागत नाही. जेएससायकची २०२१ मध्ये निघालेली सातवी आवृत्ती आधीच्या आवृत्त्यांपेक्षा इतकी वेगळी होती, की जुने प्रयोग दुरुस्तीशिवाय तिच्यावर चालेनात. त्यामुळे कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली याची नोंद, आणि शक्य असल्यास त्या आवृत्तीची प्रतही, प्रयोगासोबत जतन करावी लागते.